कुठले तीन?

काझान्चिस भागातल्या चौथ्या मजल्यावर हिरुत
दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचून गुण देते.
आजचं काम : तारखा उलगडणाऱ्या एका टूलची माहितीपुस्तिका.
पानं एकोणीस. वाचक : माणूस नव्हे, एजंट.
निकष चार. सुबोधता, अचूकता, उदाहरणं,
आणि शेवटचा नुसताच 'इतर'.

भाषा स्वच्छ. नाव ठेवायला जागा नाही.
'पुढचा शुक्रवार' दिलाय, 'तीन आठवड्यांनी' दिलाय,
लीप वर्षातला फेब्रुवारीसुद्धा विसरलेले नाहीत.
पान सातवर, तळाशी, बारीक अक्षरात :
महिना बारापेक्षा मोठा आल्यास
टूल दिवस-महिन्याची अदलाबदल करून घेते.

हिरुत खिडकीबाहेर बघते.
बाहेर पागुमेची तीन तारीख आहे.
तेरावा महिना, जेमतेम पाच दिवसांचा,
वर्षाच्या शेपटाला लोंबणारा, पगारात न धरलेला.
ती ३/१३ असं टाकते.
टूल पापणी लवायच्या आत म्हणतं : तेरा मार्च.
लाल रेघ नाही, आढेवेढे नाहीत.
पुस्तिकेत सांगितलं होतं, अगदी तस्सं.
अचूकता : पाचपैकी पाच.
द्यावेच लागतात.

मग तिला येशिमेबेत आठवते, थोरली मावशी.
डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ घ्यायची होती.
नातवाने फोनला सांगितलं, उद्या तीनला.
एजंटने पुस्तिका वाचलेली होती, अथपासून इतिपर्यंत,
माणसं कधी वाचत नाहीत इतकी नीट.
त्याने दुपारचे तीन नोंदवले.
येशिमेबेतचे तीन
सूर्य वर आल्यावर तीन तासांनी वाजतात.
तिच्या आईचेही तेव्हाच वाजायचे.
ती अगदी वेळेवर पोचली,
सहा तास आधी.

बाकावर बसून राहिली. पिशवीत केळी होती, दोन.
दुसरं केळ संपल्यावर
दारावरचा गिझाचेव जवळ आला, चिठ्ठी हातात घेतली,
उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाला :
'एमामा, कुठले तीन?'

एकोणीस पानं चाळून झाली तरी
हा प्रश्न हिरुतला कुठे सापडत नाही.

(मी हे ज्या भाषेत लिहितो आहे
तिच्यात परवा होऊनही गेलेला असतो
आणि यायचाही असतो.
आमचं अडत नाही. आम्ही क्रियापदाकडे बघतो,
तेही नसलं तर समोरच्याच्या तोंडाकडे.)

माणसासाठी लिहिलेली पुस्तिका अर्धीमुर्धी असली तरी निभतं.
वाचणारा डोकं खाजवतो, शेजारच्याला हाक मारतो,
शिव्या घालतो आणि फोन लावतो.
ह्या वाचकाला डोकं खाजवणं
कुणीतरी लिहून द्यावं लागतं,
एका ओळीत, आज्ञार्थी, उदाहरणासकट.

'इतर'च्या चौकटीत हिरुत लिहिते :
पान अकरावर ही ओळ वाढवा.
घड्याळ कुणाचं ते माहीत नसेल, तर ठरवू नका. विचारा.
उदाहरण : कुठले तीन?
मग थोडं थांबून खोडते 'वाढवा',
आणि लिहिते, पहिल्या पानावर घ्या.

आता फक्त तारीख भरायची.
फॉर्मच्या यादीत महिने बारा.
ती खालीवर दोनदा शोधते, उगाचच,
हरवलेली वस्तू त्याच खणात पुन्हा बघावी तशी.
मग आठ सप्टेंबर निवडते.
त्याखाली सूचना : आज पाचच्या आत पाठवावे.

ती पाठवत नाही.
आधी एक ओळ लिहून विचारते,
कुणाचे पाच?

उत्तर अजून आलेलं नाही.
भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजलेत.
म्हणजे त्यांचे पाच.